डोंगराकडे तोंड करून

समुद्रकिनाऱ्यावरच्या आरामखुर्च्या समुद्राकडे तोंड करून मांडायच्या, ही जगभरची रीत. व्हिएतनाममधल्या दा नांग शहराच्या मी खे किनाऱ्यावरही तेच. छत्र्या, खुर्च्या, शहाळी आणि समोर पसरलेला समुद्र. तक्रारीला जागा नाही. वाळू स्वच्छ, किनारा लांबलचक, लाटा बेताच्या. पण मी चिपळूणची. गुहागरचा किनारा लहानपणापासून पायाखालचा. समुद्र बघून बरं वाटतं, नवल मात्र वाटत नाही. नवल वाटलं ते खुर्ची उलटी फिरवून बसल्यावर.

गुहागरला पाण्यात उभं राहून मागे वळलं तर दिसतात माड-पोफळी, आणि त्यांच्या शेंड्यांवर फार तर एखादी टेकडी. सह्याद्री बघायचा तर गाडी काढून चिपळूण गाठायला हवं आणि पुढे कुंभार्ली घाटाचा रस्ता धरायला हवा. इथे खुर्ची फिरवली की शहराच्या इमारतींमागे डोंगरच डोंगर. उत्तरेकडे तर थेट पाण्यात पाय सोडून बसलेला. या रांगेचं नाव त्रुओंग सन. लाओस आणि व्हिएतनामच्या सरहद्दीवरून ती उत्तर-दक्षिण धावते आणि मध्येच तिचा एक फाटा पूर्वेकडे वळून तडक समुद्रात घुसतो. त्या फाट्यावरून जाणारा घाट म्हणजे हाय व्हान. पलीकडे ह्युए, अलीकडे दा नांग आणि होई आन.

या पट्ट्यात सगळे जातात ते ‘बीच’साठी. मुंबई-पुण्याचे लोक तर आता इतके जातात की दा नांगमध्ये जैन थाळीची पाटी दिसली तरी कुणी फोटो काढत नाही. पण माझं मत सांगते: इथला पाऊस, इथल्या राज्यांच्या हद्दी, देव, जेवण, किनाऱ्यावरची वाळूसुद्धा डोंगराने ठरवलेली आहे. समुद्राचा नंबर नंतरचा.

सोबत आई होती. वय सत्तरीला टेकलेलं, गुडघे कुरकुरणारे, पण चौकशा करण्याची हौस तरुणपणापेक्षा वाढलेली. बा ना टेकड्यांवर केबल कारने जायचं, तिथे दोन प्रचंड हातांनी तोलून धरलेला सोनेरी पूल आहे, असं मी तिला यूट्यूबवर दाखवलं. तिने तो पूल बघितला, मागचं फ्रेंच धाटणीचं बांधकाम बघितलं आणि म्हणाली, “एवढ्या लांब जाऊन फ्रान्सचं खोटं गाव कशाला बघायचं गं?” बा ना यादीतून गेलं. ज्यांना आवडतं त्यांनी जरूर जावं. मला आईमुळे एक दिवस मोकळा मिळाला, तो मी मी-सनला दिला. त्याबद्दल पुढे.

सुरुवात ह्युएपासून केली. नग्येन घराण्याची ही जुनी राजधानी. कोट, खंदक, नदीकाठी राजांच्या समाध्या. फेब्रुवारी संपत आला होता आणि तिथे पावसाची भुरभुर, अंगात शिरणारा गारठा. आईने विमानात घातलेला स्वेटर काढलाच नाही. ह्युएबद्दल एवढंच सांगते की शाकाहारी लोकांनी तिथे पोटभर जेवून घ्यावं. बौद्ध मठांची परंपरा मोठी आणि चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या हिशेबाने अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, बरेच लोक शाकाहार पाळतात. त्या दिवसांत कुठलीही खानावळ निःशंकपणे आत बोलावते.

ह्युएहून दा नांगला रेल्वेने आलो. हनोई ते सायगाव ही १,७२६ किलोमीटरची लाइन १९३६ साली पुरी झाली. अजूनही मीटरगेज. आपल्याकडच्या मीटरगेजवर ज्यांनी रात्री काढल्यात त्यांना ते डुलणं चटकन ओळखता येईल. घाटाच्या चढाला मागून आणखी एक इंजिन जोडायची पद्धत इथेही, कसाऱ्याला बँकर लागतात तशीच. लांग को गेलं की गाडी रस्त्याची साथ सोडते. रस्ता डोंगरमाथ्याकडे चढतो, आणि रूळ समुद्राच्या अंगाने कड्याला धरून वळत जातात. डाव्या हाताची खिडकी मिळवावी. खाली खडकांवर फुटणारं पाणी, मध्ये कुठे वस्ती नाही, रस्ता नाही, फक्त झाडी. बोगदा, पुन्हा पाणी, पुन्हा बोगदा. समोरच्या बाकावरच्या बाई शेंगदाणे सोलत होत्या. त्यांनी मूठभर आईच्या हातात ठेवले. आईने पर्समधून आवळासुपारी काढून दिली. ती तोंडात टाकल्यावर बाईंच्या चेहऱ्यावर जे काही झालं ते बघून डब्यातली पोरं खो खो हसली.

आणि मग घाट उतरलो. इकडे लख्ख ऊन! त्याच दिवशी, दोन-अडीच तासांच्या अंतरावर. आईने स्वेटर काढून पिशवीत कोंबला आणि मला विचारलं, “हे काय?”

हे काय, ते दुसऱ्या दिवशी गाडी करून घाटमाथ्यावर गेल्यावर उलगडलं. हाय व्हानची उंची ४९६ मीटर. खंडाळ्याहूनही कमी, आकड्यावर जाल तर काहीच नाही. पण आपला खंडाळा समुद्रापासून आत आहे. हा भिंतीसारखा आडवा पडून पाण्यात उतरलाय. हिवाळ्यात ईशान्येकडून येणारं गार, दमट वारं या भिंतीला अडतं. त्यामुळे ह्युए भिजत, कुडकुडत बसतं आणि दा नांग उबेत राहतं. माथ्यावर उभं राहिलं तर उत्तरेच्या उतारावर ढग साचलेले, दक्षिणेला दा नांगचा उपसागर चकाकत असलेला. हवामानखात्याच्या नकाशात दाखवतात तशी रेघ जमिनीवर बघायला मिळते.

पावसाची गंमत याहून मोठी. आपला नैर्ऋत्य मोसमी वारा, जो जूनमध्ये सह्याद्रीला धडकून कोकणाला झोडपतो, तोच पुढे आग्नेय आशियातही वाहतो. पण इथे डोंगर त्याच्या वाटेत पश्चिमेला उभा. सगळा पाऊस लाओसच्या बाजूला सांडून वारा अलीकडे उतरतो तो कोरडा आणि तापलेला. इथले लोक त्याला लाओसचा वाराच म्हणतात. म्हणजे चिपळूणमध्ये आम्ही पागोळ्यांखाली बादल्या लावतो तेव्हा इथली शेतं करपत असतात, माण-खटावसारखी. यांचा पावसाळा येतो सप्टेंबर ते डिसेंबर, वारा फिरून समुद्रावरून आला की. आणि येतो तो साधा येत नाही. वादळं घेऊन येतो, आणि डोंगर जवळ असल्यामुळे ते पाणी काही तासांत खाली. दिवाळीच्या सुट्टीत इथलं बुकिंग करणाऱ्या मंडळींनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

माथ्यावर एक विटांचा दरवाजा आहे. १८२६ साली, मिन्ह मांग राजाच्या काळात बांधलेला. त्याच्यावर ‘जगातली पहिल्या क्रमांकाची भव्य खिंड’ अशा अर्थाचा लेख. राजेलोकांना अशी बिरुदं आवडतात. शेजारी फ्रेंचांचे आणि नंतर अमेरिकनांचे बंदुकीच्या भोकांचे बुरूज. ज्याची सत्ता त्याचा पहारेकरी इथे, कारण उत्तर आणि दक्षिण जोडणारी वाट हीच. आता २००५ पासून खालून सहा किलोमीटरहून लांब बोगदा झालाय आणि ट्रक-बस त्यातूनच जातात. घाटावर उरलेत मोटारसायकलवाले, पेट्रोलचे टँकर आणि आमच्यासारखे हौशी. टपरीवर कॉफी मिळते. पेल्यावर पत्र्याची गाळणी, खाली कंडेन्स्ड मिल्कचा थर, थेंब थेंब टपकणारी कॉफी. घाई असेल तर पिऊ नये. घाटात घाई कसली?

हा दरवाजा यायच्या पाचशे वर्षं आधीची एक सोयरीक या घाटाच्या दोन्ही बाजूंचं भवितव्य बदलून गेली. दक्षिणेला तेव्हा चाम लोकांचं राज्य होतं, चंपा. उत्तरेला व्हिएत लोकांचं दाई व्हिएत. १३०६ साली चंपाचा राजा तिसरा जय सिंहवर्मन याने दाई व्हिएतची राजकन्या हुएन त्रान हिच्याशी लग्न केलं आणि बदल्यात ह्युएच्या बाजूचे दोन प्रांत सासऱ्यांच्या घराण्याला देऊन टाकले. वर्षभरात राजा वारला. प्रांत काही परत आले नाहीत. मग सरहद्द सरकत सरकत या डोंगरावर आली, आणि पुढच्या दीड-दोनशे वर्षांत डोंगरही ओलांडून गेली. १४७१ मध्ये चंपाची विजया ही राजधानी पडली. आज घाटाच्या दोन्ही बाजूंना व्हिएतनामीच बोलली जाते. चाम लोक आहेत, पण बरेच दक्षिणेला, निन्ह थुआनच्या बाजूला. तिथे चामांतले हिंदू अजून आपल्या विटांच्या मंदिरांत काटे नावाचा उत्सव करतात.

मी-सनला जायचं ते या चंपासाठी. दा नांगहून दीडेक तासाचा रस्ता. शेवटी गाडी भाताच्या खाचरांमधून वळत डोंगरांच्या कुशीत शिरते. चारी बाजूंनी टेकड्या आणि दक्षिणेला दाढेसारखा वर आलेला एक सुळका. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात भद्रवर्मन राजाने या खोऱ्यात शिवलिंगाची स्थापना केली आणि देवाला नाव दिलं भद्रेश्वर. आपलं नाव आणि ईश्वर. ही पद्धत पुढेही चालू राहिली: मंदिर जळालं, शंभुवर्मन राजाने ते पुन्हा बांधलं, देव झाला शंभुभद्रेश्वर. भद्रवर्मनने देवाला जमीन इनाम दिली त्याचा संस्कृत शिलालेख आहे, आणि त्या जमिनीच्या सीमा सांगितल्यात त्या डोंगर आणि नदी यांच्या खुणांनी. तो सुळका म्हणजे महापर्वत. डोंगरातून येणारी थू बोन नदी ती महानदी. मंदिर दरीत, वर पर्वत, खाली नदी, आणि नदीच्या मुखाशी बंदर. असं सगळं एका दोरीत ओवलेलं.

इथे येणारे आपले लोक फार हळवे होतात. आमच्या पुढे एक कुटुंब होतं, त्यातले काका मोठ्याने म्हणाले, “हे सगळं आपलंच.” मला ते पटत नाही. संस्कृत आपल्याकडून गेली, शिव आपल्याकडून गेला, हे खरं. पण त्या राजांनी शिवाला आपल्या डोंगरावर बसवलं, आपल्या नावाने हाक मारली, आपल्या विटांचं घर दिलं. घेतलेल्या गोष्टीचं त्यांनी काय केलं ते बघायला इथे यायचं. आणि ओघात आलंय तर बोलून टाकते: शिवाजी महाराजांचं चरित्र वाचून व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं, असा जो संदेश दर सहा महिन्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतो, त्याला काडीचा आधार नाही. महाराजांना त्या प्रमाणपत्राची गरज नाही आणि व्हिएतनामला तर मुळीच नाही. नातं शोधायचं असेल तर ते या दरीत दगडावर कोरलेलं आहे.

मी-सनच्या विटांपाशी मी बराच वेळ रेंगाळले. लालसर, हाताला मऊ लागणाऱ्या विटा. दोन विटांच्या मध्ये चुन्याची रेघ शोधायला गेले तर दिसत नाही. वीट विटेला अशी चिकटलेली की नख जात नाही. कोरीवकामही विटा रचून झाल्यावर भिंतीवरच केलेलं. एका अप्सरेचा दंड एका विटेत सुरू होतो आणि दुसरीत संपतो, सांधा तिच्या कोपराजवळून गेलाय. या विटा कशाने जोडल्या, यावर अभ्यासक शंभर वर्षं डोकं खाजवतायत. एक मत असं की डोंगरात मिळणाऱ्या एका उंच झाडाची राळ वापरली असावी. ‘झाऊ राय’ म्हणतात तिला. आपल्या सालाच्या कुळातलं झाड. आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरते: जुन्या विटा हजार वर्षांनीही तांबूस आणि स्वच्छ, आणि विसाव्या शतकात डागडुजीला लावलेल्या काही विटांवर हिरवं-पांढरं बुरसट. नवं-जुनं ओळखायला पाटी लागत नाही.

एकेकाळी इथे सत्तरहून जास्त वास्तू होत्या. बऱ्याच १९६९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत गेल्या. त्यांतच सगळ्यांत देखणं, चोवीस मीटर उंचीचं मंदिरही गेलं. खड्डे अजून आहेत. गवत उगवलंय, पावसाळ्यात पाणी साचत असणार. आईला मी सांगितलं की हा बॉम्बचा खड्डा, तेव्हा ती म्हणाली, “डोंगरात लपता येतं म्हणून डोंगरावर बॉम्ब.” यापेक्षा नेमकं कुठल्या माहितीफलकावर लिहिलेलं नव्हतं. युद्धानंतर काझिमिएर्झ क्व्याटकोव्स्की नावाचा पोलिश वास्तुतज्ज्ञ इथे येऊन राहिला, सुरुंग पेरलेल्या रानात त्याने पडझडीचा ढिगारा निवडला, भिंती सावरल्या. १९९७ मध्ये तो ह्युएला वारला. होई आनमध्ये त्याचा पुतळा आहे. २०१७ पासून २०२२ पर्यंत आपल्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांनीही इथल्या काही मंदिरांचं काम केलं, आणि त्या कामात २०२० च्या मे महिन्यात नवव्या शतकातलं एकसंध वालुकाश्माचं शिवलिंग मिळालं. तेव्हा लॉकडाउनमध्ये बसून ती बातमी वाचली होती. प्रत्यक्षात ते लिंग उघड्यावर, ऊन खात उभं. आईने नमस्कार केला. रक्षकाने टोपी नीट केली आणि दुसरीकडे बघितलं.

मूर्ती बघायच्या तर मात्र दा नांगला परत यावं लागतं. फ्रेंचांनी मी-सन आणि आसपासच्या मूर्ती तिथे नेऊन १९१९ मध्ये संग्रहालय उघडलं. नर्तकींचा तो प्रसिद्ध चौथरा, गणपती, नंदी. गणपती उभा आहे आणि पोट सुटलेलं नाही, याची आईने नोंद घेतली.

दा नांग शहर आवडलं, पण त्याबद्दल सांगण्यासारखं थोडंच. शनिवार-रविवारी रात्री आग ओकणारा ड्रॅगन पूल बघितला, गर्दी होती. सन त्रा डोंगरावर लाल पायांचे दुर्मीळ लंगूर राहतात, आम्हाला दिसले नाहीत. घाटाच्या पायथ्याशी नाम ओ नावाचं कोळ्यांचं गाव आहे; तिथे छोटे मासे आणि मीठ रांजणांत वर्षभर मुरवून त्याचं पाणी काढतात. त्या पाण्यावर सगळ्या देशाचं जेवण चालतं. वास येतो. सुकटीच्या गावची माणसं त्या वासाने बिथरत नाहीत.

होई आन थू बोनच्या मुखाजवळचं. पंधराव्या ते एकोणिसाव्या शतकापर्यंत मोठं बंदर. जपानी, चिनी व्यापारी येऊन राहिले, त्यांची घरं, सभागृहं, पूल अजून उभे. १९९९ मध्ये मी-सन आणि होई आन दोन्ही जागतिक वारशाच्या यादीत आले. संध्याकाळी रंगीत कंदील लागतात आणि गल्ल्यांत पाय ठेवायला जागा राहत नाही. कंदिलांचे फोटो तुम्ही पाहिलेलेच असणार, त्यामुळे ते सोडते. मला उत्सुकता होती ती वेगळ्या गोष्टीची: या बंदरातून विकायचे काय? रेशीम, चिनी मातीची भांडी वगैरे होतंच. पण परदेशी माणूस ज्यासाठी थांबायचा तो माल डोंगरातला. अगरूचं लाकूड, दालचिनी, हस्तिदंत. डोंगरातल्या जमाती तो नदीवाटे खाली पाठवायच्या आणि खालून वर जायचं मीठ, मासळी, भांडी. नाणेघाटातून बैलांच्या पाठीवर जायचं ते याहून निराळं काय होतं?

इथे एक जुनी लोकोक्ती आहे, दोन ओळींची. किनाऱ्यावरची माणसं वरच्या माणसांना निरोप धाडतात: तुम्ही कोवळे फणस खाली पाठवा, आम्ही उडणारे मासे वर पाठवतो. एका घरगुती खाणावळीत आम्हाला ते दोन्ही एका ताटलीत मिळालं. कुयरीच्या फोडी, हळदीचा पिवळा रस्सा, त्यात लांबट मासा. आईने पहिला घास घेतला, थांबली, दुसरा घेतला. “आपण फणसात सोडे घालतो की. हे तेच. फक्त यांनी खोबरं वाचवलं.” मग तिने स्वयंपाकघरात शिरून त्या बाईंना फणस चिरताना हाताला तेल लावता का, हे खुणांनी विचारलं. लावतात.

आन बांगच्या किनाऱ्यावर सकाळी एक म्हातारे गृहस्थ टोपलीची होडी दुरुस्त करत बसले होते. या होड्या म्हणजे खरोखरच गोल टोपल्या, बांबूच्या पातळ कामट्यांच्या विणलेल्या. हंपीला तुंगभद्रेत असतात तशा, पण यांना समुद्राच्या लाटेतून बाहेर पडायचं असतं. फटींत शेण लिंपायचं, वाळू द्यायचं, मग राळेचे हात मारायचे. कोणती राळ? झाऊ राय. मी-सनच्या विटांच्या कोड्यातली तीच. डब्यातला काळसर, मधासारखा दाट द्रव त्यांनी झावळीच्या कुंच्याने फासला, अंगठ्याने फट दाबली, पुन्हा फासला. नंतर एक पाय टोपलीत आणि एक वाळूत ठेवून ती गोल फिरवली आणि दुसऱ्या बाजूला लागले. आता फायबरच्या होड्या आल्यात, पर्यटकांना फिरवायला प्लास्टिकच्या. ह्यांची बांबूचीच. राळ अजून डोंगरातून येते का, हे विचारल्यावर त्यांनी हाताने पश्चिम दाखवली.

किनाऱ्याची वाळूही तिकडूनच येते, किंवा यायची. होई आनचा जुना प्रसिद्ध किनारा म्हणजे कुआ दाई. तो गेल्या दहा-बारा वर्षांत समुद्राने खाल्ला. हॉटेलांचे जलतरण तलाव ढासळले, बांधावर वाळूच्या पिशव्यांच्या राशी. नदीवर वर धरणं झाली, पात्रातून वाळू उपसली गेली, किनाऱ्याला टेकून बांधकामं झाली. डोंगराने पाठवायचा माल मुखापर्यंत पोचेना. समुद्र आपला रोजचा वाटा उचलत राहिला. वाशिष्ठीच्या काठच्या माणसाला हे उलगडून सांगायला लागत नाही. आमच्याकडे रडगाणं उलटं, गाळाने पात्र भरल्याचं. पण नदीच्या वरच्या अंगाला केलेलं खालच्याने भोगायचं, हे दोन्हीकडे एकच.

आईने होई आनमधल्या एका जुन्या घरात शिरल्या शिरल्या छत बघितलं नाही, शिसवीचं कोरीवकाम बघितलं नाही. भिंतीवरच्या रेघा बघितल्या. प्रत्येक रेघेशेजारी साल. १९६४ ची रेघ सगळ्यांच्या वर. घरच्या आजीबाई, आईच्याच वयाच्या, दाराशी बसल्या होत्या. आईने रेघेकडे बोट केलं, मग स्वतःकडे, आणि हात डोक्याच्या वर उंच नेला. २२ जुलै २०२१. आमच्या चिपळूणच्या घरात तळमजला पूर्ण पाण्याखाली होता. आई शेजाऱ्यांच्या गच्चीवर रात्रभर बसली होती. हे सांगायला तिला शब्द लागले नाहीत. आजीबाई उठल्या, आईचा हात धरून तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या आणि वर दाखवलं. लाकडी तक्तपोशीत चौकोनी झडप. वरच्या आढ्याला कप्पी. पाणी येणार असं कळलं की झडप काढायची आणि माल, धान्य, भांडी दोराने वर ओढून घ्यायची. व्यापाऱ्यांच्या घरांत पिढ्यान् पिढ्या हीच सोय.

“फ्रीज कसा चढवतात विचार,” आई मला म्हणाली.

नातीने फोनवर भाषांतर करून विचारलं. उत्तर आलं: गल्लीतली चार मुलं येतात, आधी फ्रीज, मग स्कूटर. वरच्या धरणांतून पाणी सोडणार असल्याचा निरोप फोनवर येतो, तेवढा वेळ पुरतो. कधी पुरत नाही. मग फ्रीज जातो.

आईने झडपेची लांबी-रुंदी ओढणीने मोजून घेतली, माझ्या ओढणीने. घरी आल्यावर बॅगा उघडायच्या आधी सुताराला फोन केला. तो आला, माळ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “काकू, तुळई मध्ये येते.” आई म्हणाली, “मग तुळईच्या अलीकडे काप. आणि कप्पी लोखंडी बसव, फ्रीज दोनशे लिटरचा आहे.”